वर्गणी भरल्यानंतरचे आकार

१७ जून २०२५ पासून भारतात प्राइम व्हिडिओवरच्या चित्रपटांत आणि मालिकांत जाहिराती येऊ लागल्या. ज्यांना त्या नकोत त्यांनी वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये वेगळे भरावेत, अशी सोय कंपनीने ठेवली. मूळ वार्षिक सभासदत्व १४९९ रुपयांचे. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये ते भरून बसलेल्या माणसाने जाहिराती नसलेली सेवा विकत घेतली होती. महिनाभर आधी सूचना मिळाली हे खरे, पण पैसे तोवर जाऊन बसले होते. आता जाहिराती सोसायच्या किंवा आणखी पैसे द्यायचे, एवढेच त्याच्या हाती उरले.

यावर जो संताप उमटला त्याचे कारण ६९९ हा आकडा नव्हता. चौघांचे कुटुंब मल्टिप्लेक्समध्ये गेले तर मध्यंतरात त्याहून जास्त खर्च होतो आणि लोक तो निमूटपणे करतात. राग होता तो वर्षाचे पैसे घेऊन वर्ष संपायच्या आत सेवा बदलल्याचा. घरी चित्रपट पाहण्याच्या धंद्याची गेली चाळीस वर्षे पाहिली तर ग्राहक जवळपास नेहमी याच जागी पेटलेला दिसतो. किंमत वाढली की लोक कुरकुर करतात. सांगितलेली किंमत आणि खिशातून गेलेली रक्कम यांत तफावत दिसली की मात्र चिडतात. ही तफावत क्वचितच चुकून पडते. अनेकदा धंद्याचा नफाच तिच्यात असतो.

याचे सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि ते जरा सविस्तर पाहायला हवे, कारण आज आपण जे भोगतो आहोत त्याची मुळे तिथे सापडतात. १९८५ मध्ये टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात ब्लॉकबस्टर नावाचे व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारे दुकान निघाले. वीस वर्षांच्या आत त्याच्या जगभर नऊ हजारांच्या आसपास शाखा झाल्या. कॅसेट दोन-तीन दिवसांसाठी न्यायची, परत करायला उशीर झाला तर दंड भरायचा, असा साधा व्यवहार होता. वाचनालयातही उशिराचा दंड असतोच. पण २००० साली ब्लॉकबस्टरला या दंडातून सुमारे ८० कोटी डॉलर मिळाले, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या साधारण १६ टक्के. दंडाचा हेतू माल वेळेवर परत यावा हा असतो. उत्पन्नाचा सहावा-सातवा हिस्सा जेव्हा दंडातून येतो, तेव्हा ग्राहकाने विसरावे यातच दुकानाचे हित असते. शुक्रवारी नेलेली कॅसेट सोमवारी ऑफिसच्या घाईत गाडीत राहून गेलेल्या माणसाकडून दुकान पोसले जाते. हे लोकांना आकडेवारीतून कळले नव्हते, पण काउंटरवर उभे राहिल्यावर ते जाणवत असे. भाड्यापेक्षा दंड मोठा झाल्याच्या तक्रारी त्या काळात घरोघरी होत्या.

कंपनीलाही हे उमगले. १ जानेवारी २००५ पासून तिने उशिराचे दंड संपल्याची मोठी जाहिरात केली. पण मुदत उलटून सात दिवस झाले की तो चित्रपट ग्राहकाने विकत घेतला असे धरून पूर्ण किंमत त्याच्या नावावर पडत असे. तीस दिवसांत परत केला तर ती रक्कम माफ होई, मात्र माल पुन्हा फळीवर ठेवण्याचे शुल्क म्हणून सव्वा डॉलर कापला जाई. दंड संपला असे सांगून त्याच जागी वेगळ्या नावाचा आकार बसवला होता. न्यू जर्सी राज्याने खटला भरला. मार्च २००५ मध्ये ४७ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांच्याशी कंपनीने तडजोड केली, चौकशीच्या खर्चापोटी ६ लाख ३० हजार डॉलर दिले आणि फसलेल्या ग्राहकांना पैसे परत करण्याचे मान्य केले.

पुढची पाच वर्षे ब्लॉकबस्टरसाठी वाईट गेली. दंडाचे उत्पन्न आटले होते, टपालाने डीव्हीडी पाठवणारा प्रतिस्पर्धी जोरात होता. २०१० च्या वसंतात जादा दिवसांचे भाडे या नावाने दंड परत आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. केवळ दंडामुळे ती बुडाली असे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. तिच्यावर कर्जाचा डोंगर होता, संचालक मंडळात भांडणे होती. तरीही ग्राहक इतक्या सहज का सोडून गेला याचे उत्तर त्या काउंटरवरच्या वर्षानुवर्षांच्या अनुभवात आहे.

तो प्रतिस्पर्धी म्हणजे नेटफ्लिक्स. १९९८ मध्ये सुरुवात, १९९९ पासून मासिक वर्गणी. हवे तेवढे दिवस डीव्हीडी ठेवा, दंड नाही, हे त्याचे मुख्य वचन. संस्थापक रीड हेस्टिंग्ज यांना ‘अपोलो १३’ उशिरा परत केल्याबद्दल ४० डॉलर दंड पडला आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. सहसंस्थापक मार्क रँडॉल्फ यांनी पुढे स्पष्ट केले की कंपनीचा जन्म असा एका प्रसंगातून झालेला नाही. पण ती कथा इतकी पसरली, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपला स्वतःचा दंड आठवत होता.

आणि मग नेटफ्लिक्सनेही आपल्या परीने तेच केले. जे ग्राहक डीव्हीडी पटापट पाहून परत करत, त्यांना नवी डीव्हीडी मुद्दाम सावकाश पाठवली जाते, अशी तक्रार करणारा सामूहिक दावा २००४ मध्ये दाखल झाला आणि पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. यात जादा पैसे कोणी मागितले नव्हते. दिलेल्या पैशांत मिळायचे ते कमी केले होते. ग्राहकाच्या हिशेबात दोन्ही सारखेच, पण पकडायला दुसरे फार कठीण. २०११ मध्ये कंपनीने डीव्हीडी आणि इंटरनेटवरून पाहणे यांच्या वर्गण्या वेगळ्या केल्या. दहा डॉलरमध्ये मिळणाऱ्या दोन्ही गोष्टींना आता सोळा डॉलर पडू लागले. त्या एका तिमाहीत अमेरिकेतले सुमारे आठ लाख वर्गणीदार गेले, हेस्टिंग्ज यांना जाहीर माफी मागावी लागली आणि डीव्हीडीसाठी वेगळी कंपनी काढण्याचा बेत आठवड्यांत गुंडाळला गेला.

आता २०२३ पाहा. २०१७ मध्ये कंपनीनेच समाजमाध्यमावर, प्रेम म्हणजे पासवर्ड वाटून घेणे, अशा अर्थाचे वाक्य लिहिले होते. सहा वर्षांनी तिने घराबाहेरच्या माणसासाठी अमेरिकेत महिना ८ डॉलरच्या आसपास जादा आकार लावला. शिकायला दुसऱ्या गावी गेलेली मुले, वेगळे राहणारे आईवडील, सगळे त्यात आले. भारतात जुलै २०२३ पासून ही बंदी लागू झाली. इथे जादा सदस्याची सोयही दिली नाही, सरळ नवे खाते घ्या म्हणून सांगितले. राग २०११ इतकाच होता, कदाचित जास्तच. पण त्या वर्षी नेटफ्लिक्सचे वर्गणीदार जवळपास तीन कोटींनी वाढले.

२०११ मध्ये लोक सोडून गेले आणि २०२३ मध्ये शिव्या देत राहिले, असे का? मला वाटते, या सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. कॅसेट किंवा डीव्हीडीच्या जमान्यात अमेरिकेतल्या कायद्यानुसार विकत घेतलेली प्रत कोणीही भाड्याने देऊ शकत असे. स्टुडिओची वेगळी परवानगी लागत नसे. म्हणून तोच चित्रपट दहा दुकानांत असे आणि दुकानदारांना भाड्यावर, सोयीवर, वागणुकीवर स्पर्धा करावी लागे. इंटरनेटवर चित्रपट दाखवायला मात्र हक्क विकत घ्यावे लागतात आणि ते बहुधा एकालाच मिळतात. जी मालिका नेटफ्लिक्सची ती दुसरीकडे नाही. ग्राहक दुकान सोडतो तेव्हा त्याला चित्रपटही सोडावा लागतो. अशा बाजारात नाराज ग्राहक जाईलच अशी भीती कंपनीला उरत नाही, आणि वर्गणीनंतरचे आकार वाढत जातात.

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात वेगळी होती. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. अनामत ठेवायची, दिवसाच्या भाड्याने कॅसेट न्यायची. ज्यांच्या घरी व्हीसीआर नव्हता ते एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि त्यासोबत दोन-तीन कॅसेट आणत, आणि अख्खी चाळ पहाटेपर्यंत जागत असे. त्यातल्या पुष्कळ प्रती चोरीच्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. कलावंतांना त्यातून काही मिळत नव्हते. पण आकारांच्या बाबतीत तो व्यवहार तोंडओळखीचा होता. कॅसेट एक दिवस उशिरा आली तर दुकानदार बोलणी देई, कधी पैसे घेई, कधी सोडून देई. समोर माणूस होता, त्याच्याशी वाद घालता येत होता.

मग केबल आली आणि पुढे नियमन आले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा, नवा दर-आदेश १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत वह्या-पेन्सिली निघाल्या. आपल्याला हव्या तेवढ्याच वाहिन्या निवडा, तेवढेच पैसे द्या, असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात काही पाहण्याआधीच १३० रुपये जोडणी शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १५३ रुपये ४० पैसे पडत. वीजबिलातल्या स्थिर आकारासारखे हे शुल्क. वाहिन्यांचे पैसे त्याच्या वर. शंभरापेक्षा जास्त वाहिन्या घेतल्या की दर पंचविसांना आणखी वीस रुपये. निवडीचे स्वातंत्र्य मिळाले, पण अनेकांचे बिल वाढले, आणि शेवटी बहुतेकांनी केबलवाल्याने बनवून दिलेला गट घेतला. ट्रायने पुढे जोडणी शुल्कात मिळणाऱ्या वाहिन्या वाढवल्या, किमतींच्या मर्यादा बदलल्या, न्यायालयांत लढाया झाल्या. २०२४ मध्ये जोडणी शुल्कावरची मर्यादाच काढून टाकली. त्या आदेशांत दोष होते, पण एक गोष्ट चांगली होती: प्रत्येक वाहिनीची कमाल किंमत छापील होती आणि ती कोणालाही पाहता येत होती. इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणारी सेवा, म्हणजे ओटीटी, या दर-आदेशांच्या कक्षेत येतच नाही.

ओटीटीने भारतात प्रवेश केला तो स्वस्ताईच्या दारातून. प्राइमचे वार्षिक सभासदत्व सुरुवातीला ४९९ रुपये होते, २०१७ मध्ये ९९९ झाले, डिसेंबर २०२१ मध्ये १४९९. त्याच महिन्यात नेटफ्लिक्सने उलट किमती उतरवल्या: मोबाइलवरची वर्गणी १९९ वरून १४९ आणि साधी ४९९ वरून १९९ रुपयांवर आली. २०२३ मध्ये जिओसिनेमाने अख्खी आयपीएल फुकट दाखवली. पैसे न देता पाहायची सवय लागली, आणि मग फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार उभे राहिल्यावर तेच क्रिकेट वर्गणीच्या भिंतीमागे गेले. सर्वांत महागड्या वर्गणीतही थेट सामन्यात जाहिराती राहणार, हे तळटिपेत होते.

इथे कंपन्यांची बाजू मांडली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यांतले भारतातले डिजिटल हक्कच २३,७५८ कोटींचे. हा पैसा वर्गणीतून किंवा जाहिरातीतून, कुठून तरी वसूल होणारच. महिना ५० रुपयांत जगातले सगळे चित्रपट आणि सगळे क्रिकेट मिळावे ही अपेक्षा टिकणारी नव्हती. किंमत वाढवणे हा कंपनीचा हक्क आहे, तो मला मान्य आहे. आक्षेप आहे तो वाढ लपवण्याच्या पद्धतींना: मधूनच जाहिराती घुसवणे, चित्राचा दर्जा वरच्या वर्गणीत ढकलणे, दोन पडद्यांचा एक पडदा करणे, वर्गणी भरलेल्या माणसाला शोधपेटीत हवा तो चित्रपट दाखवून मग तो वेगळ्या भाड्याने घ्या म्हणणे.

यातले शेवटचे सर्वांत जास्त चीड आणणारे. भाड्याचा चित्रपट हा प्रकार मुळात प्रामाणिक आहे. एक चित्रपट, एक किंमत, तीस दिवसांत सुरू करा, सुरू केल्यापासून ४८ तासांत संपवा. ज्याला वर्षातून सहा चित्रपट पाहायचे आहेत त्याला हेच परवडते. मे २०२१ मध्ये ‘राधे’ एका पाहण्याला २४९ रुपये या दराने आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आमिर खान यांनी ‘सितारे जमीन पर’ कोणत्याही ओटीटीला न देता यूट्यूबवर १०० रुपये भाड्याने ठेवला. घरबसल्या शंभर रुपयांत सगळ्या कुटुंबाने पाहावा, ही कल्पना स्वच्छ होती. पहिल्याच दिवशी आयफोनवाल्यांना तोच चित्रपट १७९ रुपयांना दिसू लागला आणि निर्मात्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. अ‍ॅपलच्या दुकानातून झालेल्या खरेदीवर अ‍ॅपल दलाली घेते, ती साधारण १५ ते ३० टक्के असते, आणि अनेक सेवा ती ग्राहकावर ढकलतात. निर्मात्याने जाहीर केलेली किंमत ग्राहकाच्या हातातल्या फोनवर अवलंबून बदलली. भाडे निराळे आणि वर्गणी निराळी ठेवली तर कोणाची हरकत नाही. पण वर्गणीच्या पडद्यावर दोन्ही एकत्र मांडले की वर्गणीदाराला दर वेळी वाटते, मग मी भरले ते कशाचे?

मराठी प्रेक्षकाची अडचण याच ठिकाणी अधिक टोकदार होते. झी मराठीची मालिका हवी तर झी५, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सोनीलिव्हवर. चित्रपटांचेही तसेच: ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर आला, ‘धर्मवीर’ झी५ वर, ‘बाईपण भारी देवा’ हॉटस्टारवर. प्लॅनेट मराठी हे फक्त मराठीसाठीचे ओटीटी २०२१ मध्ये निघाले, म्हणजे आणखी एक वर्गणी. केवळ आपल्या भाषेतले पाहायचे म्हटले तरी घराला चार-पाच खाती लागतात, आणि त्या प्रत्येक खात्यातला मोठा भाग त्या घराला कधीच नको असतो. रात्री आठची मालिका चुकू नये म्हणून मुलाने आईच्या टीव्हीवर वर्गणी घालून दिलेली असते. वर्षाने ती आपोआप नव्याने भरली जाते, वाढलेल्या दराने, आणि आईला तो संदेश इंग्रजीत येतो. परदेशातल्या मराठी माणसाची पंचाईत आणखी वेगळी. हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे भारतात भरलेली वर्गणी तिथे तेवढे दाखवीत नाही, आणि तिथली वर्गणी डॉलरमध्ये भरावी लागते.

चित्रपटगृहातल्या तिकिटाचाही विचार इथे केला पाहिजे, कारण ऑनलाइन तिकिटावरचे सुविधा शुल्क हा महाराष्ट्रातला या जातीचा जुना वाद आहे. २०१३ आणि २०१४ मध्ये राज्य सरकारने चित्रपटगृहांना असे शुल्क घ्यायला आदेशांनी मनाई केली होती. ते आदेश न्यायालयात अडकले आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. अशा मनाईला कायद्याचा आधार नाही, व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कावर ती गदा आणते, आणि ऑनलाइन घ्यायचे की खिडकीवर जाऊन, ही निवड ग्राहकाची आहे, असा निकालाचा आशय. कायद्याच्या दृष्टीने निकाल समजण्यासारखा आहे. सरकारने कायदा न करता नुसत्या आदेशाने काम भागवले होते. पण खिडकीवर जायचा पर्याय कागदावर जितका खरा आहे तितका शनिवारी संध्याकाळी ठाण्याहून निघालेल्या कुटुंबासाठी खरा नाही. शिवाय मूळ तक्रार शुल्काच्या अस्तित्वापेक्षा त्याच्या जागेची आहे. २५० रुपयांचे तिकीट निवडून, आसने धरून, पैसे भरायच्या पडद्यावर आल्यावर रक्कम वाढलेली दिसते. पहिल्याच पडद्यावर पूर्ण रक्कम दाखवली असती तर निम्मा राग उरला नसता.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणारी पडद्यावरची मांडणी, यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत नेमके हेच आहे. टप्प्याटप्प्याने किंमत उघड करणे, ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू घालणे, वर्गणी रद्द करण्याची वाट अवघड करणे, मोफत चाचणीसाठी आधी कार्डाचे तपशील मागणे, अशा एकूण १३ प्रकारांना त्यांनी अनुचित ठरवले आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितले. स्वतःच स्वतःला तपासण्याने फार काही हाती लागेल असे मला वाटत नाही. पण यादी कायद्याच्या कक्षेत आली आहे, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करताना प्रकाराचे नाव घेऊन ती करता येते. नाव घेतल्याने फरक पडतो.

वर्गणी रद्द करण्याच्या प्रश्नात अमेरिका आपल्यापुढेही आहे आणि मागेही. तिथल्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर खटला भरला, तेव्हा आरोपपत्रात एक तपशील होता: प्राइम रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीच्या आत ‘इलियड’ असे नाव होते, दहा वर्षे चाललेल्या ट्रोजन युद्धावरच्या महाकाव्याचे. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने २५० कोटी डॉलरची तडजोड केली. त्यांतले १५० कोटी ग्राहकांना परत द्यायचे. पण जितक्या सहज वर्गणी घेता येते तितक्याच सहज ती सोडता आली पाहिजे, असा सर्वसाधारण नियम त्याच आयोगाने २०२४ मध्ये केला होता, तो अमलात यायच्या काही दिवस आधी न्यायालयाने कार्यपद्धतीच्या कारणावरून रद्द केला. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर रद्द करण्याचे ठळक बटण सक्तीचे आहे. आणि २०२३ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने नेटफ्लिक्स आणि स्पॉटिफाय यांच्या करारातली, कंपनीने आपल्या मर्जीने किंमत बदलावी अशी कलमे निष्प्रभ ठरवली. या बाबतीत जर्मनीचा मार्ग मला सर्वांत पटतो, कारण तो प्रश्नाच्या मुळाशी, म्हणजे कराराशी जातो.

भारताने एका बाबतीत मात्र जगाच्या पुढे जाऊन काम केले, आणि त्याचे श्रेय रिझर्व्ह बँकेला दिले पाहिजे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या प्रत्येक वर्गणीची सूचना २४ तास आधी देणे बंधनकारक झाले, त्याच सूचनेतून ती थांबवण्याची सोयही. ठरावीक रकमेच्या वर ग्राहकाने दर वेळी पुन्हा मंजुरी द्यायची. ही मर्यादा आधी ५ हजार होती, २०२२ मध्ये १५ हजार झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये अनेक वर्गण्या अडकल्या, कंपन्यांनी आरडाओरडा केला. पण त्या एका नियमाने पैशाची चावी बँकेच्या मार्गे ग्राहकाच्या हातात परत आली. यूपीआयवरच्या ऑटोपेचेही तसेच आहे: ज्या अ‍ॅपमधून मंजुरी दिली त्यातच जाऊन ती रद्द करता येते, ओटीटीच्या पडद्यावर बटण शोधत बसावे लागत नाही. हे अजून पुष्कळांना माहीत नाही. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर चालू असलेल्या अशा मंजुऱ्या वर्षातून एकदा बसून पाहायला हव्यात. दोन रुपयांच्या चाचणीसाठी दिलेली मंजुरी पुढे किती रुपयांपर्यंत जाऊ शकते हे तिथे लिहिलेले असते.

एवढे सगळे असूनही जून २०२५ मध्ये प्राइमच्या वर्गणीदाराला आधार देणारा नियम सापडत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम पैसे जाताना लागू होतो. इथे पैसे आधीच गेले होते. डार्क पॅटर्नच्या सूचना पडद्यावरच्या मांडणीबद्दल आहेत. इथे सगळे उघड सांगितले होते. ट्रायचा संबंध नाही. उरतो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात अनुचित कराराची व्याख्या आहे, ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणारे एकतर्फी करार त्यात बसतात. पण अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. ती राज्य आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच करावी लागते. सांगलीच्या किंवा गडचिरोलीच्या माणसाने ६९९ रुपयांसाठी राज्य आयोगाचे दार ठोठवावे, ही अपेक्षा कोणी करणार नाही, आणि कंपन्यांचे कायदा विभाग हे चांगले जाणतात.

यावर उपाय कायद्यातच आहे. ज्यात एकेका ग्राहकाचे नुकसान लहान पण ग्राहक लाखोंनी आहेत, अशा बाबतीत संपूर्ण वर्गाच्या वतीने स्वतःहून पावले उचलण्याचा अधिकार त्याच कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला दिला आहे. डार्क पॅटर्नच्या यादीत एका ओळीची भर पुरेल: ज्या मुदतीचे पैसे घेतले त्या मुदतीत सेवा कमी करता येणार नाही, केली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मागणाऱ्याला परत द्यावे लागतील. वर्ष संपल्यावर कंपनीने हवी ती किंमत लावावी, जाहिराती घालाव्यात, क्रिकेट वेगळे विकावे. ग्राहक तेव्हा पाहील, तुलना करील आणि ठरवील. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी, वकिलांनी आणि मराठी वृत्तपत्रांनी प्राधिकरणाकडे ही मागणी लावून धरली पाहिजे, आणि पुढची मोठी वर्गणीवाढ होण्याच्या आत.